गिरीशच्या जर्सीतला माणूस

पहिल्याच मॅचला किसनने एकाचे पुढचे दोन दात पाडले आणि नुपूरच्या नवऱ्याने धावत जाऊन त्याची पाठ थोपटली.

मदिनत खलीफातल्या भाड्याच्या टर्फवर दर शुक्रवारी, जुम्म्याची नमाज आटोपली की दोह्यातल्या इंजिनियरांची कॉलेजवार लीग चाले. ज्या कॉलेजची पदवी, त्याच कॉलेजच्या टीममधून खेळायचं, हा नियम. नुपूरचा नवरा अवधूत नाशिकच्या आपल्या कॉलेजचा कॅप्टन, आणि सलग तीन सीझन तळाला. चौथ्या वर्षी त्याने साइटवरचा पाइप फिटर उचलून आणला. किसन पाटोळे, कोल्हापूरचा, दहावी नापास, पेठेपेठेच्या मारामाऱ्यांत फुटबॉल शिकलेला. अवधूतचा वर्गमित्र गिरीश नोकरी सोडून पुण्याला परतला होता, पण त्याची कागदपत्रं लीगकडे पडून होती. कार्डावरचा फोटो तेवढा बदलला.

बिन महमूद भागातल्या आपल्या फ्लॅटमध्ये डायनिंग टेबलाशी बसवून अवधूतने किसनकडून पाठच करून घेतलं.

"नाव?"

"गिरीश दामले."

"ब्रँच? बॅच?"

"मेकॅनिकल. दोन हजार बारा." किसनने स्वयंपाकघराकडे मान वळवली. "वहिनी, वाढा की आता. मेकॅनिकलला लई भूक लागलीया."

तेव्हा नुपूरही हसली होती.

पुढे हसू आटलं. अवधूत चालता चालता किसनच्या कानाशी लागे आणि एक नंबर सांगे. "सतरा." पाच-दहा मिनिटांत सतरा नंबर पोटाशी पाय घेऊन गवतावर लोळत असे. एकदा नडगी मोडल्याचा आवाज तिला खुर्चीवर बसल्या बसल्या ऐकू आला. तिने मांडीवरच्या लेकीचे, ईराचे डोळे झाकले, पण उशीर झाला होता. घरी अडीच वर्षांच्या त्या पोरीने बाहुली जमिनीवर पाडली आणि टाचेने तिचं तोंड चेपलं. "बाबा डज इट," ती म्हणाली. अवधूतला कौतुक वाटलं.

"एखाद्याचा जीव जाईल रे," नुपूर म्हणाली.

"फुटबॉल आहे बाई, भोंडला नाही."

"आणि किसनला काही झालं तर?"

"त्याला काय होणारे?" अवधूत खबूसच्या रोटीला हमस फासत होता. "तो रेकॉर्डवर आहेच कुठे?"

इतक्या सहज म्हणाला, की तिने ताट बाजूला सारलं.

फायनलला समोर लाल जर्सीवाले. त्यांनी सगळा सीझन पाहिला होता, हिशोब मनात धरूनच ते उतरले. सातव्या मिनिटाला एकजण किसनच्या तोंडावर थुंकला. किसनने कपाळ घालून त्याचं नाक फोडलं. रेफरी फैसल शिट्ट्या फुंकून दमला. मग कॉर्नरच्या वेळी तिघे एकदम आले. एकाने मागून जर्सी धरली, दुसऱ्याने तोंडावर गुडघा हाणला आणि किसन पडला तसा तिसऱ्याने बुटाने त्याचं डोकं तुडवलं. एकदा. नीट बघून, पुन्हा एकदा.

मग सगळंच सुटलं. अवधूतने कॉर्नरचा झेंडा उपटून काठीने एकाचं तोंड फोडलं. एमटेक झालेली, पोराबाळांची माणसं एकमेकांचे गळे धरून गुरासारखी ओरडत होती आणि मधे पडलेल्या किसनच्या हातापायांवरून त्यांचे बूट जात होते. प्लॅस्टिकच्या गवतात रक्त मुरत नाही, वरच पसरतं.

नुपूरने ईराला शेजारच्या नीताच्या कडेवर दिलं आणि त्या गर्दीत घुसली. एक कोपर तिच्या कानशिलावर बसलं. ती किसनपाशी वाकली. त्याच्या एका डोळ्यातली बाहुली मोठी, दुसऱ्यातली बारीक. कानातून रक्त. तिने ९९९ लावला.

"कुणाला फोन केलास?" अवधूतचा ओठ फाटला होता. "गरज नाही. मी गाडी काढतो. नजमा भागात त्याच्या रूमवर सोडू, पोरं बघतील काय ते."

"कानातून रक्त येतंय त्याच्या!"

"अगं, कार्ड मागतील! खोटे कागद आहेत, कळतंय का तुला? नोकरी जाईल. आठ दिवसांत आपण तिघं घरी."

ॲम्ब्युलन्स आली. पॅरामेडिक तय्यबाने गुडघे टेकून किसनची मान पट्ट्यात धरली. "भाई, नाम बताइए. नाम क्या है?"

किसनचे ओठ थरथरले. "गिरीश दामले," तो म्हणाला. "मेकॅनिकल. दोन हजार बारा."

"हाँ, गिरीश," अवधूतने लीगचं कार्ड पुढे केलं.

तय्यबा लिहू लागली. नुपूर बघत होती. हेच नाव दवाखान्यात त्याच्या मनगटावरच्या पट्टीवर चढणार. रूमवरची पोरं दवाखान्यात किसन पाटोळेला शोधतील आणि असा कुणी आलाच नाही म्हणून परत फिरतील. मेला, तरी मेलेला गिरीश असेल.

"झूठ है," ती म्हणाली. "इनका नाम किसन है."

"नुपूर, गप्प बस."

किसनची बॅग अवधूतने एव्हाना स्वतःच्या खांद्यावर अडकवली होती. त्याचं खरं ओळखकार्ड त्यात. तिने बंद धरून ओढला. अवधूतने तिचं मनगट पकडलं आणि सगळ्यांदेखत, पोरीदेखत पिळलं. कळ थेट खांद्यात गेली. पण सबंध सीझन तिनेही काठावर बसून बघितला होता. कोपर कुठे घालायचं, ते तिला ठाऊक होतं. तिने बरगड्यांखाली घातलं, सगळा जोर लावून. अवधूत वाकला, बॅग पडली. तिने दातांनी चेन उघडून कार्ड काढलं, कारण उजवा हात उचलवत नव्हता.

तय्यबाने कार्ड वाचलं, अवधूतकडे पाहिलं आणि आधीचं नाव खोडलं. "साथ कौन आएगा?"

"मी," नुपूर मराठीतच म्हणाली. नीताच्या कडेवर ईरा हातपाय झाडत किंचाळत होती. तिने तिकडे पाहिलं आणि तरीही ती वर चढली.

गाडी सुटली. पेशंटला झोपू द्यायचं नव्हतं, तय्यबा त्याच्या छातीवर मुठीने घासत पुन्हा पुन्हा विचारत होती, नाम, नाम.

"गिरीश..." किसन पुटपुटला.

"किसनदादा, लीग खलास. खरं सांगा."

"साहेब रागावत्यात, वहिनी."

"रागावू देत."

मग त्याने सांगितलं. आधी स्वतःचं नाव, मग बापाचं, मग पेठेचं. तय्यबाने तिन्ही लिहून घेतली.