दहावी ओळ

मित्रांनो, मी एक जुना हजेरीपट आहे. कामगारांची हजेरी लिहायचं पुस्तक. कारखान्यात मला मस्टर म्हणायचे. लाल कापडी पाठ, निळ्या रेघा, पानावर बारा ओळी, असा मी दिसायला अगदी सज्जन आहे. पण माझ्यावर विश्वास ठेवू नका. सहा वर्षं मी धडधडीत खोटं बोललो.

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात मी लागलो. मालक भला माणूस होता, म्हणजे स्वतःच्या मते. पहिल्याच दिवशी त्याचा करसल्लागार आला. त्यानं मला उघडलं, नावं मोजली आणि नवव्या ओळीखाली बोट ठेवलं.

"इथं थांबायचं. दहावं नाव आलं की कायदा लागू. मग विमा आला, ग्रॅच्युइटी आली, सरकारी साहेबांच्या चकरा आल्या."

"अहो, पण माणसं दहा आहेत," मालक म्हणाला.

"असू देत की! कागदावर नऊ."

ते दहावं माणूस म्हणजे मावशी. सगळे तिला मावशीच म्हणत. पुठ्ठा कापायच्या मशीनवर ती दिवसभर उभी असायची. महिनाअखेर तिला पाकीट मिळायचं, पण सही कुठंच नाही.

आता गंमत ऐका. मालकाचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, आणि मावशीचं मोत्याच्या दाण्यांसारखं. म्हणून मला भरायचं काम तिच्याकडंच आलं. रोज सकाळी पदराला हात पुसून ती नऊ नावांपुढं नऊ वेळा 'हजर' लिहायची. माझा कोपरा फाटला तेव्हा तिनंच पट्टी चिकटवली. कुणी उशिरा आला, तर म्हणायची, "जाऊ दे, लेकरं आहेत त्याच्या घरी," आणि त्यालाही हजर करून टाकायची.

"मावशी, तुमचं कुठं लिहिता?" गठ्ठे बांधणाऱ्यानं एकदा विचारलं.

"मला काय करायचंय लिहून? ही काय समोर उभी आहे की मी!"

मला तेव्हा ओरडावंसं वाटलं. पण कागदाला तोंड कुठलं?

सहाव्या वर्षी मशीनच्या पात्यापुढची, हात आत जाऊ नये म्हणून लावलेली जाळी तुटली. मालक रोज "उद्या बघू" म्हणत राहिला. आठव्या दिवशी मावशीच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली.

महिन्याभरानं चौकशीला सरकारी अधिकारी आल्या. मावशी इथली कामगार ठरली, तरच तिला भरपाई मिळणार होती. मालकानं मला टेबलावर ठेवलं. बाईंनी भराभर पानं उलटली.

"यात तुमचं नाव नाही, मावशी."

"नाव नाही, बाई. पण अक्षर माझंच आहे. पानन् पान."

"काहीतरीच!" मालक म्हणाला. "मस्टर माझा भाऊ भरायचा. तो गेल्या आठवड्यात परदेशी गेला. ही कधीमधी झाडायला यायची."

बाईंनी कोरा कागद पुढं सरकवला. "दोन ओळी लिहून दाखवा. अक्षर जुळलं की झालं."

मावशीनं पट्टी बांधलेला उजवा हात टेबलावर ठेवला. डाव्या हातात पेन धरून पाहिलं. नुसत्या वेड्यावाकड्या रेघा उमटल्या.

"घरी लिहिलेलं काही?"

"घरी काय लिहिणार, बाई? जे लिहायचं ते इथंच."

मग बाईंनी नऊ जणांना विचारलं, "हिला मशीनवर कुणी पाहिलंय?" ज्यांच्या उशिरावर मावशीनं पांघरूण घातलं, ते नऊच्या नऊ जण फरशीकडं बघत राहिले. मावशीचा अर्ज फेटाळला गेला.

मित्रांनो, आता मी माळ्यावर धूळ खात पडलोय. मला जपा, असं मी म्हणणार नाही. मी जपण्याच्या लायकीचा नाही. उद्या तुम्ही कुणाला कामाला ठेवलंत, तर आधी त्याचं नाव लिहा. आणि कुणी विचारलं, तर फरशीकडं बघू नका.

तेवढंच नाही, कागद नीट वाचायलाही शिका. मावशीची बोटं गेली, त्याच्या दुसऱ्याच दिवसापासून माझ्या पानांवर मालकाचे कोंबडीचे पाय आहेत. माझ्यात खरं असं तेवढंच होतं, आणि त्या पानावर बाई थांबल्याच नाहीत.