दाजीपूरला सासऱ्यांबरोबर

विद्याश्रीच्या लग्नाला दोन महिने झाले होते. प्राणिशास्त्रात बी. एस्सी. झालेली निपाणीची ही मुलगी राजारामपुरीतल्या सासरी विचारलं तेवढंच बोलायची. नवरा शिवकुमार तिला दाजीपूरच्या अभयारण्यात गवे दाखवायला नेणार होता. आदल्या दिवशी तोच तापानं पडला. तिनं पिशवीतला डबा बाहेर काढला, तेव्हा सासरे म्हणाले, "डबा ठेव आत. मी नेतो की."

सासऱ्यांचं, म्हणजे सिद्धलिंग मामांचं, भांड्यांचं दुकान होतं. पातेल्यांच्या खणखणाटात तीस वर्षं बोलून त्यांचा आवाज चढलेला, तो चढलेलाच राहिला होता. पहाटेच्या एस.टी.त ते बोलत होते, जंगलात शिरल्यावरही बोलत होते. वाटाड्या हंबीरराव दोनदा म्हणाला, "मालक, जरा हळू." मामा मिनिटभर थांबायचे, मग पुन्हा सुरू. अकरा वाजेपर्यंत दिसली ती फक्त शेणं आणि खुरांचे ठसे.

सड्याच्या उघड्या कातळपठाराच्या कडेला वाट वळली. मामा कुकरच्या शिट्टीचं काहीतरी सांगत होते. समोरच्या कारवीच्या झुडपांतून एक गवा बाहेर आला. काळाभोर, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा. मागं तांबूस वासरू. म्हणजे मादी होती ती. विद्याश्रीनं मामांचा दंड धरला.

"मामा, गप बसा."

मामा गप्प झाले. गवीनं मान वर करून फुसकारा टाकला.

"हलू नका," ती पुटपुटली. "पिल्लू पुढं जाऊ दे. मग ती जाईल."

वासरू रमतगमत वाट ओलांडून गेलं. गवी आणखी थोडा वेळ बघत राहिली, मग त्याच्या मागं झाडीत उतरली.

मामा कातळावर बसले, पाणी प्यायले. सासऱ्याला आपण गप बस म्हणालो, या विचारानं विद्याश्रीचे कान तापले.

"चुकलं माझं, मामा."

"माझ्या बानं बी मला कधी गप बसवलं न्हवतं," मामा म्हणाले. आवाज पहिल्यांदाच मऊ होता. "तुला कसं कळलं ती जाईल म्हणून?"

तिनं सांगितलं. मग त्यांनी वर झाडात दिसलेल्या शेकरूच्या घरट्याबद्दल विचारलं, तेही सांगितलं. परत येईपर्यंत तीच बोलत होती. मामा काठी टेकत मागून येत होते आणि हंबीरराव मध्ये काही बोलला, तर त्याला हातानंच थांबवत होते.

संध्याकाळी दारात सासूबाई रत्नव्वांनी विचारलं, "दिसलं का काय?"

"हिला इचार," म्हणून मामा पाय धुवायला गेले.

शिवकुमारच्या उशाशी बसून विद्याश्री सगळं सांगू लागली. पंधरा पावलांवर गवी उभी होती, इथवर ती आली, तोच मोरीतून आवाज आला, "धा. धाच पावलं हुती."