समोवारातली मुलगी

सकाळचे अकरा वाजले होते. बिश्केकच्या कलादालनातलं प्रदर्शन नुकतंच उघडलं होतं. बेगाइम एका मोठ्या छायाचित्रासमोर उभी होती आणि मी तिच्या गळ्यात लटकत होतो. मी कॅमेरा बोलतोय. ते छायाचित्र मी टिपलं होतं, तिच्या बोटाने. खाली नाव मात्र नुरदिनचं होतं.

मी मूळचा जुन्या बाजारातला. तिथे धूळ खात पडलो होतो. नारिनहून आलेल्या एका बाईने मला उचललं.

“चालतो का हा?”

“चालतो काय, आपा, पळतो!” विकणारा म्हणाला.

ती गुल्सून, बेगाइमची आई. आमच्याकडे आईला आणि आईच्या वयाच्या बाईलाही आपाच म्हणतात. लेकीच्या लग्नासाठी वर्षानुवर्षं शिवलेल्या रजया तिने माझ्यापायी विकल्या. शेजारीण म्हणाली, “उद्या जावई आला की कॅमेरा पांघरायला देशील का गं?”

बेगाइमला कुणाची नोकरी नको होती. स्वतःची कामं स्वतः मिळवायची होती. पण ज्या दारात जाई तिथे एकच हुकूम: आधीचं काम दाखव. कुणी पहिलं काम दिलंच नाही, तर आधीचं येणार कुठून? हे त्या शहाण्यांना कुणी विचारत नाही. मी विचारतो.

मग राजधानी बिश्केकहून नुरदिन आला, प्रदर्शनं लावणारा छायाचित्रकार. त्याला उन्हाळी कुरणांवरच्या आयुष्याची छायाचित्रं हवी होती. “आवडली तर प्रदर्शनात तुझ्या नावाने लावतो,” तो म्हणाला. बेगाइम त्याला थोरल्या भावासारखं ‘बायके’ म्हणू लागली.

आम्ही कुरणावर गेलो. तिची आत्या तंबूबाहेर समोवारातून, म्हणजे तोटीच्या मोठ्या चहाच्या बंबातून, चहा ओतत होती. पितळ लख्ख घासलेलं. बेगाइम गुडघ्यावर बसली, श्वास रोखला आणि कळ दाबली. मला तेव्हाच कळलं, हे जमलं.

नुरदिन घरी आला, पोटभर जेवला. उठताना त्याने ओंजळ पसरून आशीर्वाद दिला, “तुझं नाव मोठं होवो,” आणि तळवे चेहऱ्यावरून फिरवले. आमच्याकडे याला बाता म्हणतात. ती दिली की शब्द पक्का झाला. बेगाइमने माझ्या पोटातलं कार्ड काढून दोन्ही हातांनी त्याला दिलं. नक्कलसुद्धा ठेवली नाही.

तो गेल्यावर गुल्सून म्हणाली, “काही लिहून घेतलंस?”

“बाता दिलेल्या माणसाकडे कागद मागू? आपा, तोंड कुठे लपवायचं मग?”

आता ती त्याच छायाचित्रासमोर उभी होती.

“बायके, हे माझं आहे.”

नुरदिनने मान फिरवली. संयोजक पुढे आला. “पोरी, तुझं आधीचं काम काय?”

“हेच.”

लोक हसले. एकाने तर टाळी दिली.

बेगाइमने छायाचित्रातल्या समोवारावर बोट ठेवलं. त्या पितळी पोटात निळा रुमाल बांधलेली एक वाकडी, इवलीशी मुलगी दिसत होती. तिच्या तोंडासमोर मी. “ही बघा ना! मीच आहे!”

“असेल कुणीही,” संयोजक म्हणाला आणि पाहुण्यांना चहाकडे घेऊन गेला.

परतीच्या वाटेवर तिने मला गळ्यातून काढून पिशवीत घातलं. त्यानंतर डोळ्याला लावलं नाही. ती आता चहाच्या दुकानात कपबशा धुते. मी रजयांच्या रिकाम्या पेटीत आहे. बाहेर गुल्सून पुन्हा रजई शिवायला बसलीय, सुईचा आवाज येतो. मला विका, पण एखाद्या नवख्या पोरीलाच विका. आणि तिला सांगा, कार्ड देऊ नकोस.

परवा ओश शहरातून बेगाइमच्या मामेभावाने फोनवर एक फोटो पाठवला; ती आईला सांगत होती, ते मी पेटीतून ऐकलं. तेच प्रदर्शन आता तिथे लागलंय. आत्या आहे, तंबू आहे, खाली नुरदिनचं नाव आहे. समोवार मात्र कापून टाकलाय. तो का कापला, असं बेगाइमने संयोजकाला लिहून विचारलं.

त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.