ब्रॅम्बल वळते

आमच्या 'तीन बदकं' सरायीत दारूच्या पिंपांवर एक उंच काळी टोपी खुंटीला टांगलेली आहे. ती कुणाची, असं कुणी विचारलं की मालकीणबाई माझ्याकडं बोट दाखवतात. म्हणजे हातातलं काम सोडून सांगायचं ते मीच. मी केझाया, इथली स्वयंपाकीण. जीभ तिखट असली तरी माझ्या हाताला चव आहे.

लंडनची गाडी पिढ्यान्‌पिढ्या आमच्याच कमानीतून आत यायची. इथं घोडे बदलायचे, उतारू जेवायचे. मग रस्त्यावर आमच्या थोडं पुढं क्रम्प नावाच्या एकानं नवी कोरी सराय उघडली आणि गाडीचे मालक रॅटरीसाहेब तिच्यावर भाळले. झालं. गाडी तिकडं गेली. घोडे पोसणं जमेना, म्हणून आमच्या मालकीण थर्झाबाईंना ते क्रम्पलाच विकावे लागले. त्यातली ब्रॅम्बल तर त्यांनी शिंगरू असल्यापासून वाढवलेली. तिला नेलं त्या दिवशी बाई जेवल्या नाहीत. एक भलंमोठं कुलूप आणून त्यांनी याच खुंटीला अडकवलं. "नाताळपर्यंत बघू गं, केझाया. नाहीतर हे दाराला." मला क्रम्पचा असा राग आला की कणीक तिंबताना टेबल हललं.

सोमवारी दुपारी गाडीचं शिंग वाजलं. गाडी पुढं जाताना बघवणार नाही म्हणून मी खिडकी लावून घेतली, तर चाकांचा खडखडाट थेट अंगणात. वर ओबेड गाडीवान, तोंड पाडून बसलेला.

"काय रे मेल्या, वाट चुकलास?"

"मी नाही बाई, ही ब्रॅम्बल. कमान दिसली की वळते, लगाम कितीही ओढा. आता आलोच आहोत तर पुडिंग आहे का?"

उतारू भुकेलेच होते. माझं भाजलेलं मटण बघता बघता फस्त झालं.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. क्रम्पनं जाऊन साहेबांचे कान भरले, "ओबेड पुडिंगला विकला गेलाय. मुद्दाम लगाम सैल सोडतो."

गुरुवारी साहेब स्वतःच लगाम धरून आले. ओबेड शेजारी, हाताची घडी घालून. क्रम्प मजा बघायला आमच्या कमानीशी उभा. थर्झाबाई दारात, चेहरा पांढराफटक. ब्रॅम्बलनं कान टवकारले. साहेबांनी दातओठ खाऊन लगाम ओढला आणि घोडी वळली.

"डोकं खाली, साहेब," म्हणत ओबेड सवयीनं वाकला. टपावरचे उतारूही वाकले. आमची कमान बुटकी, हे साहेबांना कुठलं ठाऊक? त्यांची टोपी उडून क्रम्पच्या पायाशी पडली.

मग साहेबच पोट धरून हसायला लागले. "क्रम्प, हिला तुझी सराय पसंत नाही रे बाबा."

जेवताना त्यांनी पुडिंग दोनदा मागून घेतलं. "गाडी इथंच थांबेल, आणि घोडे क्रम्पकडून परत आणायचं माझ्याकडं लागलं. मालकिणीला सांग." टोपी मात्र इथंच विसरून गेले.

मी धावत अंगणात गेले. बाई ब्रॅम्बलच्या आयाळीत तोंड खुपसून रडत होत्या, आणि ती त्यांच्या एप्रनचा खिसा हुंगत होती.

"बाई, गाडी राहिली आपली."

त्यांनी डोळे पुसले. "केझाया, ते कुलूप काढून टाक गं खुंटीवरचं."

"ते मी सोमवारीच विहिरीत टाकलं."