इम्तियाजच्या फोनवर आलेली नोटीस

बोंडअळीच्या त्या वर्षी दिग्रसच्या बसस्टँडमागं, इम्तियाजच्या ऑनलाइन सेंटरसमोर नुसती जत्रा भरली होती. एका कंपनीनं कापसाच्या नुकसानीचा दावा करायचं ॲप काढलं होतं. आधार टाका, फोटो टाका, अंगठा द्या, इथवर ठीक. पण पुढं ते मागायचं मोबाइल नंबर. आता खेड्यातल्या निम्म्या बायांकडं कुठला आलाय मोबाइल! असलाच तर तो पोराच्या खिशात, आणि पोरगं पुण्याला. नंबर नाही टाकला तर ॲप जागचं हलेना. मग इम्तियाज आपलाच नंबर ठोकून द्यायचा. सगळेच सेंटरवाले तसंच करत होते. ओटीपी त्याच्याच फोनवर यायचा, काम चुटकीसरशी व्हायचं, बाई खूश आणि मागची रांगही खूश. यात लबाडी नव्हती हो, पण घाई मात्र भरपूर होती.

कौसल्याबाई त्याच रांगेतली. शेजारच्या खेड्यातल्या बौद्ध वस्तीत राहायची, बचत गटाची अध्यक्ष होती, आणि आवाज असा खणखणीत की बसस्टँडवर ऐकू जावा. वस्तीतल्या बाया सेंटरवर यायच्या त्या तिच्याच मागं. "टाक बाप्पा तुह्याच नंबर," ती म्हणाली होती, "माह्यासाठी कोन फोन करून राह्यलं!" सगळी रांग हसली होती.

पुढं कंपनीच्या कॉम्प्युटरमधून लोकांची सगळी माहिती चोरीला गेली. कौसल्याबाईच्या आधारावर कुण्या हरामखोरानं सिमकार्डं काढली, त्यावरून परराज्यातल्या लोकांना गंडवलं, आणि एक दिवस तिकडचे पोलीस वस्तीत हजर. तिला दिवसभर ठाण्यात बसवून ठेवलं. संध्याकाळी 'बाई, तुमचा यात काही दोष नाही' म्हणून सोडलं, पण ते ठाण्याच्या आत सांगितलं. वस्तीला कोण सांगणार? पोलीस उगाच येतात का, अशी कुजबुज झाली आणि पुढच्या बैठकीत गटानं अध्यक्ष बदलली.

तेव्हापासून बाईनं एकच ध्यास घेतला. भरपाई गेली खड्ड्यात. कंपनीनं ग्राहक मंचासमोर उभं राहून म्हणावं की चूक आमची, या बाईची नाही. यवतमाळच्या ग्राहक मंचात काही शेतकऱ्यांनी सगळ्यांच्या वतीनं केस लावलीय आणि कंपनी तडजोडीला आलीय, हे कानावर पडताच ती इम्तियाजला सोबत घेऊन गझाला मॅडमकडं गेली. वकिलीत मॅडमचं दिग्रसात नाव होतं.

"हे पाहा मावशी," मॅडम म्हणाल्या, "तडजोड मान्य असेल तर सही करायची आणि भरपाई घ्यायची. पण त्यात कंपनी चूक कबूल करत नाही, आणि तुम्हाला पुन्हा तिच्यावर केस करता येत नाही. तडजोड पटत नसेल तर मंचापुढं हरकत घ्यायची. नाहीतर यातून नाव काढून आपली वेगळी तक्रार लावायची. तुम्हाला ठाण्यात बसवलं, बदनामी झाली, ते सगळं त्यात मांडता येतं."

"मंग तेच करू ना!"

"त्याची मुदत गेली हो. जे गप्प राहिले त्यांना तडजोड मान्य, असं धरलंय. भरपाई हवी तर सही तेवढी करायची, तिलाही मुदत आहे."

"मले कोनी सांगतलंच नाही, तं मी बोलू कशी?"

"नोटिशीचा मेसेज पाठवला म्हणतात. तुमच्या नोंदवलेल्या नंबरावर."

इम्तियाजला झटकन आठवलं. मेसेज आला होता. एक नाही, ढीगभर. सगळ्यांत तोच इंग्रजी मजकूर, खाली लिंक. आले साले लॉटरीवाले, म्हणून त्यानं सगळे एका झटक्यात उडवले होते.

"जर तो नंबर दुसऱ्याचा निघाला," मॅडम पुढं म्हणाल्या, "आणि त्या माणसानं शपथपत्र दिलं, की मेसेज मलाच आला, मावशींना मी सांगितलं नाही, तर मुदत माफ करा म्हणून अर्ज करता येईल. त्याच्या शब्दाशिवाय मात्र कठीण आहे. मी नंबर मागवून घेते."

बोलायचं ते इथंच. इम्तियाजला ते पक्कं कळत होतं. पण नुकतंच पुसदच्या एका सेंटरवाल्याला लोकांच्या अर्जात आपला नंबर टाकला म्हणून टाळं लागलं होतं. सेंटर गेलं तर घर कशावर चालणार? तो छताच्या पंख्याकडं बघत बसला. कौसल्याबाई त्याच्याकडं बघत होती.

नंतरचे दिवस त्याचे त्यालाच ठाऊक. बाजार झाला की सांगू. सर्व्हर सुरू झाला की सांगू. कंपनीकडून नंबर येणारच नाही कदाचित. असली भिकार कारणं माणसाला बरोबर सापडतात. नमाजाला उभा राहिला की ठाण्यातल्या बाकड्यावर बसलेली कौसल्याबाई डोळ्यांपुढं यायची. भेकड होता का? होता. आणि आपण भेकड आहोत हेही त्याला कळत होतं, त्यानंच तर जीव जास्त खाल्ला.

शेवटी एका सकाळी शटर अर्धवट ओढून तो मॅडमकडं धावला. "मॅडम, तो नंबर माझा आहे. शपथपत्र देतो. सेंटर गेलं तर जाऊ दे."

मॅडमनी समोरची फाइल मिटवली. "काल यायला पाहिजे होतं. मावशींनी तडजोडीवर सही केली. मी नंबर वाचून दाखवला, कुणाचा म्हणून विचारलं, तर मले नाही ठाऊक म्हणाल्या. आता मागं फिरता येत नाही."

तो तसाच वस्तीत गेला. कौसल्याबाई अंगणात सरपणासाठी कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा भारा बांधत होती.

"मावशी, सही कायले केली? नंबर माझा होता!"

"मले का माहीत नाही?" ती दोरीला गाठ मारत म्हणाली. "साऱ्या वस्तीले तुह्या नंबर मीच देत असतो. तोंडपाठ हाय मले. टाक म्हनून मीच तं म्हनलं होतं, मॅडमनं दोन आकडे वाचले न् पक्कं झालं."

"मंग नाव काहून नाही घेतलं?"

"तू सोताहून येशीन म्हनून वाट पाह्यली. रोज पाह्यली. मॅडम म्हने सहीची बी मुदत चालली, तरी म्हनलं थांबा. तू नाही आला. ज्याले बोलाचं नाही, त्याले मंचापुढं वढत नेऊन का करू? तुह्यी लेकरं उपाशी मारू?"

इम्तियाजला रडू फुटलं. "मी गटात येतो मावशी. साऱ्या बायांपुढं सांगतो, तुमची काही चूक नव्हती."

"सांग ना. तुले बरं वाटन."

ती भारा उचलायला वाकली. इम्तियाज हात लावायला पुढं झाला, तशी ती म्हणाली, "राहू दे," आणि एकटीनंच भारा डोक्यावर घेऊन आत गेली.