सपाट झालेली चाळीस पाने

मित्रांनो, जरा खाली वाका. कपाटाच्या सर्वांत खालच्या फळीवरून बोलतो आहे मी, एक जुना ब्रेल टाइपरायटर. मला अवघी सहा बटणे आणि मध्ये एक लांब पट्टी. तेवढ्यात जगातले सारे लिखाण बसते, याचा मला अजूनही तोरा आहे. शाई मला लागत नाही. मी जाड कागदावर टिंबे उठवतो आणि बोटे ती वाचतात.

कारखान्यातून मी थेट अंध मुलांच्या शाळेत आलो. इंग्रजीच्या बाईंच्या टेबलावर माझी जागा ठरली. बाईंनाही दिसत नसे. त्यांची बोटे लागली की माझी कळी खुलायची. ओळ संपत आली की मी घंटी वाजवायचो आणि बाई म्हणायच्या, "कळलं रे बाबा, ओरडू नकोस!"

एका वर्षी त्यांनी मुलांसाठी इंग्रजी शब्दांचा छोटा कोश केला. पाने चाळीस, प्रत एकच. सगळे जिला भिंगरी म्हणत, त्या मुलीची सोमवारी मोठ्या शाळेची प्रवेश परीक्षा होती आणि तिचा सारा अभ्यास या कोशावर होता. पाने हरवू नयेत म्हणून बाईंनी ती बांधणीवाल्या काकांकडे दिली.

काकांचा हात मोठा सफाईदार. पाने त्यांना खडबडीत, चुरगळल्यासारखी वाटली. म्हणून प्रत्येक पुस्तकाचे करत तेच त्यांनी याचे केले. शिकंज्यात घट्ट पिळून दोन दिवस दाबून ठेवले. शनिवारी सकाळी सुबक पुस्तक घेऊन ते ऐटीत आले. भिंगरीने पान उघडले, बोट फिरवले, पुन्हा फिरवले.

"बाई, यात काहीच लिहिलेलं नाही."

टिंबे सपाट झाली होती. काकांच्या तोंडचे पाणी पळाले. मला त्यांचा भयंकर राग आला, खोटे कशाला सांगू! बाई मात्र बाह्या सरसावून माझ्यासमोर बसल्या.

"काका, छापील कोश घ्या आणि वाचा. मी पुन्हा लिहिते."

"मला इंग्रजी अडखळत येतं, बाई."

"अडखळा. घाई आहे, पण तेवढी नाही."

काका एकेक अक्षर सांगत, मग मराठी अर्थ वाचत. पान निघाले की भिंगरी ते घेऊन पाठ करायला बसे. पहिल्याच तासात 'ब्लाइंड' हा शब्द आला आणि काका घुटमळले.

"वाचा की," बाई म्हणाल्या. "रोजचाच शब्द आहे आमचा."

"दृष्टी नसलेला. पुढून बंद असलेली गल्ली. विचार न करता ठेवलेला विश्वास." काकांनी पुढच्या ओळीवर बोट ठेवले. "समोर असूनही ज्याच्या ध्यानात येत नाही असा. बाई, हा तर मीच झालो."

बाई खळखळून हसल्या. त्यांनी काकांचे बोट धरून ताज्या ओळीवर ठेवले. "दाबू नका, हे सांगायचं माझ्याही ध्यानात आलं नाही. तो अर्थ आपण दोघांत वाटून घेऊ."

काका बराच वेळ त्या ओळीवरून बोट फिरवत राहिले. माझा राग तिथेच विरला.

रविवारी दुपारी चाळिसावे पान निघाले. या वेळी काकांनी पानांच्या मध्ये कडेला जाड पट्ट्या घातल्या, म्हणजे पुस्तक मिटले तरी टिंबांवर भार येऊ नये. पुढे भिंगरी उत्तीर्ण झाल्याचे कळले, तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला.

आज ती याच शाळेत इंग्रजी शिकवते. तिच्या टेबलावर संगणक आहे, आणि मी इथे धूळ खातो. तरी मी मजेत आहे. शाळेत कोणी डोळस माणूस नव्याने कामाला लागला की भिंगरीबाई मला बाहेर काढतात, एक ओळ उठवतात आणि त्याचे बोट तिच्यावर ठेवतात.

म्हणून सांगतो, मित्रांनो, दुसऱ्याची वस्तू नीटनेटकी करायला जाल, तेव्हा ती त्याच्या कशी उपयोगी पडते हे आधी त्यालाच विचारा. आणि जाता जाता माझ्या अडकणाऱ्या तिसऱ्या बटणात तेलाचा एक थेंब सोडा. उद्या नवे कारकून येणार आहेत.