सहाव्या मजल्याची ना हरकत

धर्मराजच्या पोटात सकाळपासून दुखत होतं आणि हे दुखणं डॉक्टरकडचं नव्हतं. बेलापुरात रिक्षावाल्याला नुसतं 'घड्याळवाली बिल्डिंग' म्हटलं की पुरतं. तिथला त्याच्या चुलतभावाचा, विपुलचा, सहावा मजला एक कॉम्प्युटर कंपनी भाड्याने घेत होती. धर्मराजचा सातवा दोन वर्षं रिकामाच होता. नवी मुंबईसाठी गावची जमीन गेली तेव्हा दोघांच्या बापांनी एकाच पेनाने सह्या केल्या, मोबदल्यात मजलेही एकावर एक घेतले. मग कंपनीला विपुलचाच बरा दिसला? लिफ्ट काय सहाव्याच्या वर जात नाही?

संध्याकाळी विपुल बंद पाकीट घेऊन आला. भाडेकरू आणायचा तर सोसायटीची 'ना हरकत' लागते आणि सेक्रेटरी होता धर्मराज.

"दादा, सोमवारपर्यंत पायजे हाय. आत सगलं लिवलंय. वाचलास की फोन कर."

"कमिटी बसू दे."

विपुल नुसता हसला. ते हसणं धर्मराजच्या डोळ्यांत खुपलं, पायातले नवे बूटही खुपले. तो गेल्यावर धर्मराजने पाकीट तसंच खणात टाकून कुलूप लावलं.

"उघरून तरी बगा," बायको पुतळा म्हणाली.

"काय बघायचंय? त्याचं नशीब!"

कमिटी काही बसली नाही. विपुलचे फोन आले तेव्हा धर्मराज कधी जेवत होता, कधी देवळात होता. गुरुवारी वॉचमनने सांगितलं, कंपनी खारघरला गेली. त्या दुपारी धर्मराज एक भाकरी जास्तच जेवला.

तेवढ्यात विपुल आला. भांडेल म्हणून धर्मराज तयारीत बसला, पण विपुल मान खाली घालून म्हणाला, "दादा, कमिटीवाले आडवे आले आसतील. तू एकटा काय करशील? वाईट याचं वाटतंय की तुजं पन गेलं."

"माझं काय?"

"त्यांना एक मजला पुरत नव्हता. मी म्हटलं, घ्याचा तर दादाचा पन घ्या. तू सही कराचा कागद त्याच पाकिटात होता ना."

धर्मराजला ठसका लागला. पुतळाने पाणी पुढे केलं, पण नवऱ्याकडे पाहिलं नाही.

"जाऊ दे," विपुल म्हणाला. "पाकीट तेवरं दे. माजे मूळ कागद हायत त्यात."

किल्ली धर्मराजच्याच खिशात होती. त्याने कुलूप काढलं आणि पाकीट पुढे केलं. विपुलने ते उलटं केलं. डिंक जसाच्या तसा होता. त्यावरून त्याने एकदा अंगठा फिरवला, पायात बूट घातले आणि 'येतो' न म्हणताच निघून गेला.